गहू, राय आणि धूर : घरी केलेल्या युरोपीय बिअरची परंपरा किती जुनी?

1842 साली बोहेमियातल्या पिल्झेन गावात योसेफ ग्रोल या बवेरियन ब्रूअरने फिकट सोनेरी लागर केली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत त्या एका बिअरने जगातल्या बहुतेक बिअरना आपल्या रंगरूपात ओढून घेतले. बार्लीचे स्वच्छ, फिकट माल्ट, हॉप्स, थंडीत सावकाश आंबवणे ही रीत सगळीकडे रूढ झाली. या लाटेत गहू, राय आणि धूर कडेला गेले. ते अगदी नाहीसे झाले नाहीत. एखाद्या खोऱ्याने, एखाद्या गावाने, कुठे एखाद्याच ब्रूअरीने त्यांना धरून ठेवले.

आज त्यांच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवणारे लोक म्हणजे घरी बिअर करणारे हौशी. ब्रिटनमध्ये 1963 साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी 1978 मध्ये त्याच स्वरूपाच्या कायद्यावर सही केली. सुरुवातीची वर्षे डब्यातला माल्टचा पाक पाण्यात कालवण्यात गेली. मग लोक धान्य दळून बिअर करू लागले, आणि हात बसल्यावर जुन्या बिअरकडे वळले. बवेरियाची गव्हाची बिअर, बांबेर्गची धुरकट बिअर, फिनलंडची साहती, पोलंडची ग्रोजिस्किए या बिअर आता ओहायोतल्या गॅरेजात आणि लीड्सच्या स्वयंपाकघरात होतात.

त्यातून एक वाद उभा राहिला आहे. वीस लिटरच्या भांड्यात, बाजारातून आणलेल्या माल्टवर आणि पुडीतल्या यीस्टवर केलेल्या या बिअरला पारंपरिक म्हणायचे ते कशाच्या आधारावर? कृती जुनी असली की पुरे? की धान्य, भट्टी, यीस्ट, भांडे सगळेच जुने हवे? आणि ज्या परंपरेचे नाव घेतले जाते ती खरोखर तितकी जुनी आहे का? या लेखात त्या वादाची आजची स्थिती मांडायची आहे.

धान्य आणि भट्टी

वाद समजायला थोडी कारागिरी समजून घ्यावी लागते. धान्य भिजवून मोड आणायचे आणि मोड पुरेसे आले की ते उष्णतेने वाळवायचे, की माल्ट तयार होते. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. पुढे दळलेले माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवले की तेच एन्झाइम स्टार्चची साखर करतात. या भिजवण्याला मॅश म्हणतात. नंतर चोथ्याचा थर स्वतःच गाळणीचे काम करतो आणि गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, खाली उतरते.

बार्ली जिंकली ती इथे. तिच्या दाण्याला चिकटलेले टरफल मळणीत सुटत नाही, आणि तेच टरफल चोथ्याला पोकळ ठेवते. गहू आणि राय मळणीतच उघडे पडतात. त्यांचा चोथा कणकेसारखा दबून बसतो आणि वॉर्ट खाली उतरायचे थांबते. म्हणून घरी गव्हाची किंवा रायची बिअर करणारे मॅशमध्ये भाताचे तूस मिसळतात. तुसाला चव नाही, रंग नाही, पण पाण्याला वाट मिळते.

धुराचा संबंध वाळवण्याशी आहे. लाकडावर थेट वाळवलेल्या माल्टला लाकडाचा वास लागतोच. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये माल्टसाठी दगडी कोळशाचा कोक वापरात आला आणि पुढे धूर बाहेरच्या बाहेर काढून फक्त गरम हवा माल्टवर सोडणाऱ्या भट्ट्या आल्या. तेव्हापासून धुरकट माल्ट ही गरज उरली नाही, आवड झाली.

कायद्यानेही धान्यांची वाटणी केली. 1516 साली इंगोलश्टाट इथे बवेरियाचे ड्यूक विल्हेल्म चौथे आणि लुडविग दहावे यांनी बिअर फक्त बार्ली, हॉप्स आणि पाण्यापासून करावी असे फर्मान काढले. गहू पावासाठी राखायला हा नियम आला, असे बहुतेक पुस्तके सांगतात. ते संभाव्य आहे, पण मूळ फर्मानात कारण दिलेले नाही. त्यात जास्त जागा उन्हाळी आणि हिवाळी दरांना दिलेली आहे. ही बारीक बाब इथे नोंदवली ती एवढ्यासाठी की या क्षेत्रातल्या कित्येक ठाम विधानांची मुळे अशीच उथळ निघतात.

गहू : राजघराण्याची मक्तेदारी, आणि केळ्या-लवंगेचा वास

गव्हाच्या बिअरचा इतिहास तीन धाग्यांत सर्वांत स्पष्ट आहे, कारण त्यात पैसा आणि कागदपत्रे दोन्ही होती. बवेरियात गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क डेगेनबेर्ग या सरदार घराण्याकडे होता. 1602 साली ते घराणे निर्वंश झाले आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियान पहिले यांच्याकडे आला. त्यांनी त्याची राजघराण्याची मक्तेदारी केली, ती 1798 पर्यंत चालली. बाकीच्यांना जे निषिद्ध होते ते राज्यकर्त्यांनी स्वतः करून विकले, आणि तिजोरी भरली. मक्तेदारी संपली तोवर लोकांची आवड ओसरली होती. 1872 साली गेओर्ग श्नायडर यांनी राजे लुडविग दुसरे यांच्याकडून गव्हाची बिअर करण्याचा हक्क मिळवला, आणि आजची वाइसबिअर त्या धाग्याने मागे जोडली जाते.

जर्मनीत आज वाइसबिअर म्हणवायचे तर माल्टमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही, आणि आंबवायला वर येणारे यीस्टच हवे. बार्लीशिवाय दुसऱ्या धान्याचे माल्ट त्या देशात तळाशी बसणाऱ्या यीस्टच्या बिअरमध्ये घालताच येत नाही. घरी करणारे साधारण 50 ते 70 टक्के गहू घेतात.

या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि दोन्ही येतात यीस्टमुळे. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा, लवंगेचा 4-व्हिनाइल ग्वायाकॉल या फेनॉलचा. लवंगेसाठी यीस्टला धान्यातले फेरुलिक आम्ल लागते, आणि ते सुटे व्हावे म्हणून मॅश काही वेळ 43 ते 45 अंशांवर ठेवायचा असतो. केळ्यासाठी ग्लुकोजचे प्रमाण वाढवण्याची युक्ती म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले मार्कुस हेरमान यांनी मांडली. ती हौशी ब्रूअरांनी इतक्या चटकन उचलली की आता ती जुनीच रीत असल्यासारखी शिकवली जाते. ती या शतकातली आहे.

खरा मतभेद डिकॉक्शनवर आहे. मॅशचा एक भाग बाजूला काढून उकळायचा आणि परत ओतायचा, म्हणजे सगळ्या मॅशचे तापमान एक पायरी वर चढते. थर्मामीटर नसलेल्या काळातली ही फार हुशार सोय होती. एक गट म्हणतो की उकळलेल्या धान्यातून जी भाजलेल्या पावासारखी खोल चव येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. दुसरा गट म्हणतो की आजचे माल्ट इतके नीट मोडवलेले असते की एका तापमानावर तासभर ठेवले तरी पुरते, आणि राहिलेली चव मूठभर गडद माल्टने भरून निघते. हौशी मंडळींनी केलेल्या डोळे झाकून चाखण्याच्या चाचण्यांतून एकमुखी निकाल निघालेला नाही. चार-पाच तास आणि एवढे इंधन खर्च केलेल्या माणसाला चव वेगळीच लागते, हेही इथे ध्यानात ठेवावे.

यीस्टच्या बाबतीत मात्र शास्त्राने थोडा प्रकाश टाकला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले की बहुतेक बिअर-यीस्टनी लवंगेचा वास देणारी क्षमता शतकांच्या माणसाळण्यात गमावली आहे, कारण ब्रूअरांना तो वास दोष वाटत असे. गव्हाच्या बिअरच्या जर्मन यीस्टमध्ये ती टिकली, आणि त्यांच्या जनुकांत बिअर-यीस्ट आणि वाइन-यीस्ट अशा दोन्ही घराण्यांच्या खुणा सापडल्या. वाइसबिअरची परंपरा कुठे सुरक्षित असेल, तर या यीस्टमध्ये. वाइहेनश्टेफानच्या संग्रहातला 68 क्रमांकाचा वाण आज कुठल्याही हौशी माणसाला विकत मिळतो. या एका बाबतीत घरचा ब्रूअर बवेरियातल्या ब्रूअरीच्या अगदी जवळ उभा राहू शकतो.

राय : दोन वेगळ्या गोष्टी, एकच नाव

राय हे गव्हाच्या जवळचे, थंड आणि हलक्या जमिनीत येणारे धान्य. उत्तर आणि पूर्व युरोपचा काळा पाव त्याचाच. बिअरसाठी ते हट्टी आहे. त्यात अरॅबिनोझायलन नावाचे चिकट घटक भरपूर असतात. मॅश लापशीसारखा ओढला जातो आणि गाळताना माणसाची परीक्षा होते. त्याच घटकांमुळे बिअरला तेलकट म्हणावे असे भरलेपण येते. 40 ते 45 अंशांवर मॅश काही वेळ थांबवून हा चिकटपणा थोडा मोडता येतो.

हौशी ब्रूअरांच्या पुस्तकांत राय म्हटले की बवेरियन रोगेनबिअर समोर येते. तिची कथा बहुतेक ठिकाणी अशी सांगतात : मध्ययुगात बवेरियात रायची बिअर सर्रास होती, 1516 च्या फर्मानाने ती मेली, आणि पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले. यातला शेवटचा भाग पक्का आहे. 1988 साली रेगेन्सबुर्गच्या टुर्न उंट टाक्सिस या राजघराण्याच्या ब्रूअरीने शियर्लिंग इथून रायची बिअर बाजारात आणली. पण ती बिअर गडद वाइसबिअरमध्ये गव्हाच्या जागी राय घालून केलेली होती. यीस्टही वाइसबिअरचेच. मधल्या साडेचारशे वर्षांना जोडणारा दुवा दाखवता येत नाही. ती चांगली बिअर असेल, पण प्राचीन म्हणायला पुरावा तोकडा आहे, असे माझे मत आहे. बिअरचे प्रकार ठरवणाऱ्या आजच्या शैलीपुस्तकांनीही तिच्याविषयीची भाषा बरीच सौम्य केली आहे.

रायची जिवंत परंपरा पाहायची तर उत्तरेला जावे लागते. फिनलंडच्या हामे भागात साहती ही बिअर शेतकरी घरीच करत आले, आणि ती पद्धत कधी थांबली नाही. बार्लीचे माल्ट मुख्य, त्यात रायचे माल्ट. मॅशमध्ये गरम पाणी कित्येक तास टप्प्याटप्प्याने घालायचे. मग अ‍ॅस्पेनचे खोड कोरून केलेल्या लांबट कुंडीत, म्हणजे कूर्नामध्ये, जुनिपरच्या फांद्या अंथरून त्यावरून वॉर्ट गाळायचे. बहुतेक वेळा वॉर्ट उकळतच नाहीत. यीस्ट पाव फुगवायचे, बाजारातले साधे. तयार होते ती गढूळ, गोडसर, केळ्याचा वास असलेली, 8 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची बिअर, जी थंडीत ठेवली नाही तर आठवडाभरात बिघडायला लागते. 2002 साली युरोपीय संघाने साहतीला हमी दिलेल्या पारंपरिक पदार्थाचा दर्जा दिला.

यात एक गंमत आहे. साहतीत वापरले जाणारे पावाचे यीस्ट कारखान्यातले आहे, म्हणजे त्या बिअरच्या चवीचा मोठा भाग विसाव्या शतकातला. तरीही फिनलंडमध्ये तिच्या पारंपरिक असण्याविषयी कोणी शंका घेत नाही, कारण करणारी माणसे आणि रीत अखंड आहे. रोगेनबिअरचे नेमके उलट. परंपरेचा अर्थ सामग्रीत शोधायचा की करणाऱ्यांच्या साखळीत, हा या सगळ्या वादाचा गाभा रायच्या निमित्ताने उघडा पडतो.

धूर : सगळीच जुनी बिअर धुरकट होती का?

बांबेर्गमध्ये दोन ब्रूअऱ्यांनी धुराची रीत सोडली नाही. श्लेंकेर्ला, जिचा उल्लेख 1405 पासून सापडतो, आणि श्पेत्सियाल, जी 1536 ची. दोघी आपले माल्ट स्वतः बीचच्या लाकडावर वाळवतात. श्लेंकेर्लाची मेर्त्सन 5.1 टक्क्यांची, तांबूस-काळी, आणि पहिल्या घोटाला खारवलेल्या मांसाची आठवण देणारी. दुसऱ्या पेल्यापर्यंत जीभ सरावते, असे तिथले लोक सांगतात. याच ब्रूअरीच्या हेलेस बिअरमध्ये धुरकट माल्ट घालतच नाहीत, तरी त्याच भांड्यांमुळे आणि यीस्टमुळे तिला धुराचा हलका स्पर्श असतो. घरी हे कसे साधणार?

याच गावातली वायरमान ही 1879 ची माल्ट कंपनी. जगभरचे बहुतेक हौशी ब्रूअर धुरकट बिअर करतात ती तिच्या बीचच्या धुरावरच्या माल्टवर. ते सौम्य असते, शंभर टक्के घातले तरी पिता येते. त्याच्या उलट व्हिस्कीसाठी पीटवर वाळवलेले माल्ट. त्याचा धूर औषधी, डांबरी. ते थोडे जास्त पडले की सगळी बिअर वाया जाते, आणि ज्या जुन्या बिअरच्या नावाखाली ते घातले जाते त्यांच्याशी त्याचा संबंध बहुधा नसतो.

लाकडागणिक धूर बदलतो. पोलंडच्या ग्रोजिस्कमध्ये ओक, स्वीडनच्या गॉटलंड बेटावर बर्च, नॉर्वेच्या स्त्योर्दाल भागात अल्डर. स्त्योर्दालची गोष्ट वेगळी लिहिण्याजोगी आहे. तिथे शेजारी-मित्रांचे गट मिळून छोटी माल्टघरे चालवतात. बार्ली तिथेच मोडवतात आणि अल्डरच्या जाळावर, भोके पाडलेल्या फळ्यांवर वाळवतात. धान्यापासून पेल्यापर्यंत सगळे आपल्या हाताने करणारे घरगुती ब्रूअर युरोपात आता फार थोडे उरले आहेत, आणि हे त्यांतले.

इतिहासाचा प्रश्न इथे सर्वांत चुरशीचा आहे. कोक आणि गरम हवेच्या भट्ट्या येण्याआधी सगळे माल्ट आगीवर वाळत होते, म्हणून सगळी बिअर धुरकट होती, हे विधान लोकप्रिय पुस्तकांत वारंवार येते. बांबेर्गच्या ब्रूअऱ्यांनाही ते सोयीचे आहे, कारण त्यामुळे त्या सगळ्या जुन्या बिअरच्या वारस ठरतात.

विरुद्ध बाजूला पुरावे कमी नाहीत. विल्यम हॅरिसन यांनी सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या वर्णनात पेंढ्यावर वाळवलेले माल्ट सर्वांत उत्तम म्हटले आहे आणि लाकडावर वाळवलेल्या माल्टच्या बिअरने सवय नसलेल्याचे डोके दुखते, अशी तक्रार नोंदवली आहे. म्हणजे त्या काळातही लोकांना धूर नको होता, आणि तो टाळण्याचे मार्ग माहीत होते. जर्मन प्रदेशांत माळ्यावर वाऱ्याने वाळवलेले माल्ट वापरात होते. मला दुसरी बाजू अधिक सबळ वाटते : धूर सगळीकडे कमी-अधिक होता, पण तो हवासा होता असे बांबेर्गवरून गृहीत धरता येत नाही.

धुराविषयी एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस जर्मन संशोधकांना बिअरमध्ये एनडीएमए हे कर्करोगकारक नायट्रोसअमाइन सापडले. मूळ होते थेट ज्योतीवर माल्ट वाळवण्यात. त्यानंतर माल्ट उद्योगाने भट्ट्या बदलल्या. घरी माल्टला धूर देणाऱ्यांनी रंग किंवा रसायन लावलेले लाकूड आणि राळ असलेले चीड-देवदारासारखे लाकूड कधीच वापरू नये. थोडे ओले केलेले माल्ट जाळीवर पसरून, आच मंद आणि दूर ठेवून, फक्त धूर लागू द्यायचा, ही सर्वमान्य रीत आहे.

ग्रोजिस्किए : मेलेली बिअर परत करताना

गहू आणि धूर एकत्र येतात ते पोलंडमधल्या ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की या गावी. प्रशियाच्या राज्यात हे गाव ग्रेट्स म्हणून ओळखले जाई आणि बिअर ग्रेत्सर. सगळे माल्ट गव्हाचे आणि सगळे ओकच्या धुरावर वाळवलेले, अशी दुसरी बिअर युरोपात नाही. तरी ती जड नसते. अल्कोहोल जेमतेम अडीच-तीन टक्के, रंग फिकट, हॉप्सचा स्पष्ट कडवटपणा, फसफस भरपूर. ती नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरत. तिला पोलंडची शॅम्पेन म्हणत ते या नितळपणामुळे आणि फेसामुळे. गावाची दंतकथा अशी की कोरड्या पडलेल्या विहिरीला बेर्नार्ड नावाच्या बेनेडिक्टाइन साधूच्या प्रार्थनेने पाणी परत आले, आणि त्या पाण्याची ही बिअर.

शेवटची ब्रूअरी 1993 मध्ये बंद पडली. ही बिअर पुन्हा उभी करण्यात सर्वांत पुढे होते ते पोलंडचे हौशी ब्रूअर. त्यांच्या संघटनेने जुने दस्तऐवज, ब्रूअरीत काम केलेल्या माणसांच्या आठवणी आणि जपून ठेवलेले यीस्टचे वाण यांच्या आधारे एक वर्णन तयार केले. 2015 साली हेच वर्णन अमेरिकेतल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या, म्हणजे बीजेसीपीच्या, शैलीपुस्तकात गेले आणि त्याच वर्षी ग्रोजिस्कमध्ये ब्रूअरीही परत सुरू झाली. व्यावसायिकांच्या आधी हौशी लोकांनी एखादी बिअर वाचवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

तरी कुरबुर आहेच. पोलिश संघटनेने ज्या काळाची बिअर प्रमाण मानली तो तिच्या भरभराटीचा काळ, एकोणिसावे शतक संपतानाचा आणि त्यापुढचा. त्याआधीच्या ग्रोजिस्किएचे काय? पोलंडच्या पश्चिमेला, थुरिंगियात, लिश्टेनहाइनर ही धुरकट आणि आंबट बिअर होती. जुनी ग्रोजिस्किए थोडी आंबट असेल का, यावर मतभेद आहेत, आणि संघटनेचे वर्णन आंबटपणाला साफ नकार देते. एकदा वर्णन छापले गेले की स्पर्धेत आंबट ग्रोजिस्किए बाद होते, आणि प्रश्न संशोधनाऐवजी नियमाने मिटतो.

तीन गट

इथपर्यंतच्या वादांत तीन भूमिका पुन्हा पुन्हा दिसतात. त्या एकमेकांच्या शत्रू नाहीत, आणि बऱ्याच जणांचे पाय दोन-दोन गटांत आहेत.

पहिली भूमिका कागदाची. रॉन पॅटिन्सन यांनी ब्रूअऱ्यांच्या जुन्या नोंदवह्या उतरवून काढल्या, मार्टिन कॉर्नेल यांनी बिअरविषयीच्या दंतकथा एकेक करून तपासल्या, आंद्रेआस क्रेनमायर यांनी जुन्या जर्मन आणि ऑस्ट्रियन बिअर घरच्या ब्रूअरांसाठी पुस्तकात आणल्या. त्यांचे म्हणणे साधे : नोंद दाखवा, मग परंपरा म्हणा. अडचण अशी की नोंदवह्या मोठ्या व्यवसायांच्या असतात. शेतघरात केलेल्या बिअरची वही कोणी ठेवत नसे.

दुसरी भूमिका माणसांची. नॉर्वेचे लार्स मारियुस गार्शोल यांनी शेतांवर जाऊन, अजून बिअर करणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून पद्धती टिपल्या, आणि 2020 मध्ये त्यांचे शेतघरातल्या बिअरवरचे पुस्तक आले. त्याच्या एक वर्ष आधी मिका लाइतिनेन यांनी साहतीवर पुस्तक लिहिले. याच वाटेने क्वाइक हे नॉर्वेचे शेतातले यीस्ट जगाला कळले, जे 30 अंशांच्या वर, अगदी चाळिशीजवळही, वास न बिघडवता काम करते. या गटाच्या मते परंपरा हातांत असते. दोष असा की आजचे आजोबा जे करतात तेच त्यांच्या पणजोबांनी केले, हे गृहीत धरण्याचा मोह सुटत नाही. पावाचे कारखानी यीस्ट हा त्याचा इशारा आहे.

तिसरी भूमिका शैलीची. बिअरवर लिहिणारे मायकल जॅक्सन यांच्या 1977 च्या पुस्तकापासून बिअर शैलींत वाटली जाऊ लागली, आणि 1985 साली स्थापन झालेल्या बीजेसीपीने त्या वाटणीला आकडे दिले : घनता किती, कडवटपणा किती, रंग किती. हिच्यावर टीका खूप होते, आणि वर ग्रोजिस्किएच्या आंबटपणाबाबत ती मीही केली आहे. पण न्याय म्हणून हेही सांगायला हवे की ऐतिहासिक बिअरसाठी त्या पुस्तकात वेगळा विभाग नसता तर ग्रोजिस्किए, लिश्टेनहाइनर, रोगेनबिअर आणि साहती ही नावे बहुतेक हौशी लोकांच्या कानावरही गेली नसती.

काय सुटलेले नाही

डिकॉक्शनचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, पण त्याला एकाच माल्टच्या दोन भांड्यांच्या, पुन्हा पुन्हा केलेल्या तुलना लागतील. एकेका रविवारच्या प्रयोगाने तो सुटणार नाही.

न उकळलेल्या वॉर्टचा प्रश्न आरोग्याचा आहे. साहती करणारे शतकानुशतके तसेच पितात, आणि आंबलेल्या बिअरचे आम्ल, अल्कोहोल हे बरेच संरक्षण देतात. ती लवकर बिघडते हे मात्र नक्की, आणि ग्रोजिस्किएसारखी अडीच टक्क्यांची बिअर न उकळता करणे मला धाडसाचे वाटते.

सर्वांत कठीण प्रश्न माल्टचा आहे, आणि त्याकडे वादात सर्वांत कमी लक्ष जाते. कृती छापता येते, यीस्ट बँकेतून आणता येते, कूर्ना सुतार करून देतो. माल्ट मात्र स्त्योर्दालचे ते गट आणि थोडे धडपडे सोडले तर कोणी घरी करत नाही. ते मोठ्या कारखान्यांतून येते, आणि ते कारखाने आजची बार्ली, आजचा गहू घेऊन आजच्या पद्धतीने मोडवतात. धुरकट गव्हाचे माल्टही तसेच, जुन्या ग्रोजिस्कच्या भट्टीचे नव्हे. शिवाय धूर पोत्यात टिकत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या धुरकट माल्टचा वास निम्मा उडालेला असतो, आणि कृतीतला 'साठ टक्के धुरकट माल्ट' हा आकडा त्यामुळे फारसे काही सांगत नाही. मॅशच्या तापमानावर एका अंशासाठी भांडणारे लोक माल्टच्या पोत्यावरची तारीखही पाहत नाहीत, हे मला या क्षेत्राचे सर्वांत मोठे व्यंग वाटते.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध बेताचा आहे. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून इथल्या लोकांना ब्रूपबमधली ताजी, केळ्याच्या वासाची गव्हाची बिअर माहीत झाली. पण घरी करण्याचा मार्ग बंद आहे : 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, आणि हौस हा त्याला अपवाद नाही. हा छंद मराठी माणसाला करायचा तर तो जिथे कायदा परवानगी देतो अशा देशात राहून.

तिथे राहणाऱ्या आणि हे करणाऱ्या वाचकांना एक विनंती. आपल्या वहीत मॅशच्या वेळेबरोबर माल्ट कोणाचे, कोणत्या पोत्यातले, कोणत्या लाकडावर वाळवलेले, पोते उघडून किती दिवस झाले आणि यीस्टचा क्रमांक काय, एवढे लिहून ठेवा. आज या वादांचा निकाल लागत नाही तो बहुतांशी अशा नोंदी नसल्यामुळे, आणि त्या ठेवायला परंपरेवर कोणतेही मत असण्याची गरज नाही.